हेड गॅस्केटचे काम फसले, तर इंजिन पुन्हा उघडण्याआधी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्यात राहतात आणि त्यांच्याकडे साडेआठ वर्षांची, एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली डिझेल गाडी आहे. गाडी गरम होते म्हणून त्यांनी ती घराजवळच्या एका गॅरेजात दिली. तिथे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधला, गळती रोखणारा पातळ थर) बदलले, हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, पाठवल्याचे सांगितले आणि सर्व मिळून ४२,५०० रुपये घेतले. त्यांपैकी १८,६०० रुपयांच्या स्पेअर पार्टचे छापील बिल मिळाले. लेबर आणि लेथचे पैसे मात्र एका चिठोरीवर आकडे मांडून रोख घेतले गेले. सतराव्या दिवशी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. थांबायला जागा नसल्याने दोन-तीन किलोमीटर गाडी तशीच वर चढवावी लागली आणि शेवटी क्रेनने ती पुण्याला परत आणावी लागली. आता गॅरेजवाले म्हणतात, “आमचे काम चांगलेच आहे, हा रेडिएटरचा नवीन प्रॉब्लेम आहे, त्याचे नऊ हजार वेगळे पडतील.” दुसऱ्या मेकॅनिकने बाहेरूनच पाहून सांगितले की पहिले काम फसले आहे आणि आता हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन, रिंग अशा आतल्या भागांचे मोठे काम, करावे लागेल. गाडी कुणाकडे द्यावी, पैसे परत मिळतील का आणि पोलिसांत जावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी एकतीस वर्षे गॅरेज चालवले आहे आणि अलीकडची काही वर्षे वादातल्या गाड्या तपासून अहवाल देण्याचे कामही करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: ही गाडी सुरू करू नका, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या, कुठल्याही मेकॅनिकला आज इंजिन उघडू देऊ नका. हेड एकदा उतरले की आधीच्या माणसाने बोल्ट किती घट्ट केले होते, गॅस्केट कसे बसवले होते, सिस्टिममध्ये हवा अडकली होती का, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. त्यानंतर पहिला म्हणणार की दुसऱ्याने बिघडवले आणि दुसरा म्हणणार की पहिल्याने, आणि तुमच्या हातात दोन तोंडी मते उरणार. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांपैकी जी कमकुवत ठरली, त्यांतल्या बहुतेकांत काम खरोखरच वाईट झाले होते; पण ते सिद्ध करणारी वस्तू तोवर भंगारवाल्याकडे गेलेली होती.

आता तांत्रिक बाजू थोडी सविस्तर पाहू, कारण तुमच्या वादाचा निकाल कायद्याच्या कलमांपेक्षा याच बाजूवर अधिक अवलंबून आहे. हेड गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही. कुलंट कमी झाले, रेडिएटर आतून चोंदला, पंखा वेळेवर लागला नाही, थर्मोस्टॅट अडकला किंवा वॉटर पंपाची पाती झिजली, की इंजिन प्रमाणाबाहेर तापते. अॅल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि पीळ खाऊन वाकते, मग गॅस्केट फुटते. म्हणजे फुटलेले गॅस्केट हा बहुतेक वेळा परिणाम असतो आणि कारण दुसरीकडेच बसलेले असते. जो मिस्त्री गॅस्केट बदलतो आणि कारण शोधत नाही, त्याने ताप उतरवण्याची गोळी दिली, पण रक्त तपासले नाही.

ही गोष्ट तुमच्या प्रकरणात कळीची आहे. तुम्ही गॅरेजात गेलात तेव्हा “हेड गॅस्केट बदलून द्या” असे म्हणाला नव्हता. “गाडी गरम होते” असे म्हणाला होता. गॅस्केट बदलण्याचा निर्णय त्यांचा होता. म्हणून आज ते म्हणतात तसा रेडिएटर खरोखरच चोंदलेला निघाला, तर त्याने त्यांची सुटका होत नाही, उलट त्यांची अडचण वाढते. रेडिएटर सतरा दिवसांत चोंदत नाही. गाडी त्यांच्याकडे आली त्या दिवशीही तो तसाच असणार, आणि गरम होणाऱ्या गाडीचा रेडिएटर न तपासता हेड उतरवणे हीच मुळात सेवेतली त्रुटी आहे. तेव्हा “नवीन प्रॉब्लेम” हे त्यांचे वाक्य त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर लेखी येईल असे पाहा. “रेडिएटरमध्ये नेमके काय झाले आहे, जरा लिहून पाठवता का?” एवढे साधे विचारले की लोक लिहून देतात.

अर्थात याला अपवाद आहे. घाटात एखादा दगड उडून रेडिएटर फुटला असेल किंवा पंख्याची मोटर त्याच दिवशी जळाली असेल, तर ते खरोखरच नवीन कारण आहे आणि त्याचे खापर गॅरेजवर फोडता येणार नाही. म्हणूनच तपासणी आधी आणि भांडण नंतर.

इंजिन न उघडता बरेच काही समजते. तिसऱ्या, या वादाशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून पुढील तपासण्या करून घ्या. आमच्या भागात एवढ्या तपासणीचे हजार-दोन हजार रुपये घेतात, आणि ते तुमच्या पूर्ण प्रकरणातले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे ठरतील. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून आतले पाणी कोणत्या रंगाचे आहे ते पाहावे. हिरवे, निळे किंवा गुलाबी कुलंट असेल तर ठीक; तांबूस, गंजाचे साधे पाणी असेल आणि बिलात कुलंटचे पैसे लावले असतील, तर तिथेच एक मुद्दा मिळाला. तेलाची पट्टी आणि तेल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहावी. दुधाळ कॉफीसारखा चिकट थर दिसला तर पाणी तेलात उतरले आहे. मग हातपंपाने कुलिंग सिस्टिमला साधारण झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका, म्हणजे बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास, दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे काटा टिकतो का ते पाहावे. बाहेर कुठेही थेंब न दिसता दाब पडत असेल, तर पाणी आतच जात आहे. कुलंटमध्ये सिलिंडरचा वायू मिसळतो का, हे सांगणारा एक निळा द्रवही मिळतो. झाकणाच्या जागी काचेची नळी धरून त्यातून हवा ओढली की वायू असल्यास त्याचा रंग बदलतो. त्यासाठी इंजिन थोडा वेळ चालवावे लागते. ते चालवायचे की नाही हे तपासणाऱ्यालाच ठरवू द्या, कारण सिलिंडरमध्ये पाणी साठले असेल तर सेल्फ मारणेही धोक्याचे आहे. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे माप, घेता येते, पण डिझेल इंजिनात त्यासाठी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. म्हणून ते दोन्ही बाजूंच्या समोर घेतलेले बरे.

या सगळ्याचा सलग व्हिडिओ असावा. त्याची सुरुवात नंबर प्लेटपासून व्हावी, मग किलोमीटरचा आकडा दिसावा आणि त्यानंतर कॅमेरा न थांबवता बॉनेटखाली जावे. तुकड्यातुकड्यांत काढलेल्या व्हिडिओवर समोरचा वकील लगेच बोट ठेवतो.

पुढची पायरी म्हणजे पहिल्या गॅरेजला लेखी पत्र. आधी फोन करून बोलायला हरकत नाही. पण फोनवर काय ठरले ते त्याच दिवशी संदेशाने त्यांना कळवावे आणि पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच मिळाल्याची नोंद जपून ठेवावी. पत्र वकिलाकडूनच जायला हवे असे नाही, आणि त्यात शिव्याशाप तर मुळीच नकोत. साधारण मजकूर असा असावा:

“माझी गाडी क्रमांक अमुक ही इंजिन गरम होण्याच्या तक्रारीसाठी अमुक तारखेस आपल्या ताब्यात दिली होती. आपण हेड गॅस्केट बदलून, हेडचे फेसिंग करून एकूण ४२,५०० रुपये घेतले आणि अमुक तारखेस, किलोमीटर अमुक असताना, गाडी परत दिली. त्यानंतर १७ दिवसांनी, अमुक किलोमीटरवर, तीच तक्रार पुन्हा उद्भवून गाडी बंद पडली. गाडी सध्या न उघडता माझ्या घरी उभी आहे. आपण अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता येऊन संयुक्त तपासणी करावी. आपण न आल्यास तज्ज्ञाच्या उपस्थितीत इंजिन उघडले जाईल आणि त्याचा अहवाल आपणांस बंधनकारक मानला जावा, अशी माझी भूमिका राहील. काढलेले जुने भाग आणि लेथच्या कामाची पावती आपल्याकडे असल्यास ती सोबत आणावी.”

शेवटचे वाक्य विसरू नका. फेसिंग खरोखर झाले का, हा अशा कामातला सर्वांत दुबळा दुवा असतो. लेथवाले बहुधा डायरीत गाडीचे मॉडेल, गॅरेजचे नाव आणि किती घासले ते लिहून ठेवतात. शिवाय हेड उतरल्यावर त्याची उंची व्हर्निअरने मोजून कंपनीच्या मापाशी ताडून पाहता येते, आणि पृष्ठभागावर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवले की वाकही कळतो. बऱ्याच लहान इंजिनांत ही मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. ताज्या फेसिंगच्या बारीक, एकसारख्या वर्तुळाकार रेषा आणि हाताने पॉलिश पेपर मारलेल्या हेडवरचे वेडेवाकडे ओरखडे यांतला फरक पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही ओळखू येतो. एका गाडीत मला अशा ओरखड्यांमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट जळून पडलेली, बोटाच्या पेराएवढी काळी खूण दिसली होती. बिलात फेसिंगचे अडीच हजार होते. त्या एका फोटोवर ते प्रकरण गॅरेजातच मिटले.

संयुक्त तपासणीत हेड उघडताना आणखी दोन गोष्टी पाहायच्या असतात. अनेक डिझेल इंजिनांत हेडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. नवे घ्यावे लागतात आणि आधी ठरावीक टॉर्क (पिळाचा जोर), मग ठरावीक अंश, अशा पद्धतीने आवळावे लागतात. बिलात नव्या बोल्टची नोंद नसेल, तर तुमच्या इंजिनाला ते लागतात का हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून तपासून घ्या. दुसरे म्हणजे गॅस्केटची जाडी. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून वेगवेगळ्या जाडीचे गॅस्केट निवडावे लागते आणि त्यावर खाचा किंवा भोके यांच्या रूपात खूण असते. दुकानदाराने जे हातात दिले ते बसवले, असे घडते. आणि ते गॅस्केट कदाचित पुणे–लोणावळा टिकतेही, पण घाटात भरलेल्या गाडीने नाही.

सिलिकॉनचेही इथेच सांगून टाकतो. गळती थांबावी म्हणून मिस्त्री सढळ हाताने सिलिकॉन लावतात. आतल्या बाजूने बाहेर आलेले त्याचे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेल कमी पडू लागते. हेडच्या कामानंतर तेलाचा दिवा लुकलुकत असेल तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवून जाळी पाहण्याचा आग्रह धरा.

गॅरेजवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी स्वतः त्याच बाजूचा आहे. उमेदवारीच्या काळात मी एका डिझेल जीपचे हेड जुन्याच बोल्टवर बसवले होते. मालकाला चार पैसे वाचवून द्यावेत, हाच हेतू होता. महिन्याच्या आत गाडी टोचन लावून परत आली. आमच्या वस्तादांनी ग्राहकासमोर मला एक शब्दही बोलला नाही. ते काम पुन्हा पदरच्या पैशाने करून दिले आणि संध्याकाळी टॉर्क रेंच माझ्या हातात ठेवून सगळे बोल्ट माझ्याकडून पुन्हा मोजून आवळून घेतले. चूक झाल्यावर असे वागणारी गॅरेजे आजही पुष्कळ आहेत. म्हणून पहिल्या गॅरेजला काम सुधारण्याची एक संधी द्यावी, असे माझे मत आहे. त्याने तुमचा कायदेशीर हक्क जात नाही. उलट तुम्ही वाजवी वागलात हे कागदावर येते. मात्र संधी देताना अटी लेखी असाव्यात: नवे जॉब कार्ड, तक्रारीच्या रकान्यात “गाडी गरम होते – आधीच्या दुरुस्तीनंतर पुन्हा” असे शब्द, हेड तुमच्यासमोर उतरवणे, लेथ तुमच्या पसंतीचा, लेबर शून्य आणि कोणता भाग कोणी भरायचा हे आधीच ठरलेले. यातल्या कशालाही नकार आला, किंवा आता बोलणेही नको इतका विश्वास उडाला असेल, तर खुशाल दुसरीकडे काम करा. पण पत्राची मुदत संपल्यावर, तज्ज्ञासमोर, आणि काढलेला प्रत्येक भाग पोत्यात भरून, वर तारखेची चिठ्ठी लावून घरी आणून.

नऊ हजारांविषयी. गाडी पुन्हा त्यांच्या आवारात गेली आणि त्यांनी पैसे मिळेपर्यंत ती सोडणार नाही असे म्हटले, तर हे लक्षात ठेवा की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून ठरल्याप्रमाणे काम केले आहे, त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून धरण्याचा हक्क असतो. कायद्याच्या पुस्तकात उदाहरण आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे. पण गॅरेजवालाही त्याच रांगेत बसतो. हा हक्क “ठरल्याप्रमाणे केलेल्या” कामापुरताच आहे, तुम्ही न सांगितलेल्या कामापुरता नाही. तरीही फाटकापाशी हुज्जत घालून गाडी सुटत नाही. गाडी तातडीने हवी असेल तर पैसे यूपीआयने भरा, रोख नको, आणि त्याच मिनिटाला संदेश पाठवा: “ही रक्कम मला मान्य नाही, केवळ गाडी परत मिळावी म्हणून हरकत नोंदवून भरत आहे.” असे पैसे नंतर मागता येतात. त्यापेक्षा गाडी पुन्हा त्यांच्याकडे नेण्यापूर्वीच अटी लिहून घेतलेल्या बऱ्या.

चिठोरीकडे वळू. लोक म्हणतात, पक्के बिल नाही म्हणजे सगळे संपले. तसे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, म्हणजे बिल नसणे हा त्यांच्या विरुद्धचा मुद्दा आहे. गॅरेज लहान असल्याने जीएसटीची नोंदणी नाही, असे ते म्हणतील. ते खरेही असू शकते, पण नोंदणी नसलेल्यालाही साधे बिल देता येते. त्या चिठोरीचा दोन्ही बाजूंनी फोटो आजच काढून ठेवा. त्या दिवशीचे फोन, “गाडी तयार आहे, ४२,५०० झाले” असा संदेश, एटीएममधून पैसे काढल्याची नोंद, हे सगळे एका कागदावर तारीखवार मांडा. स्पेअर पार्टच्या बिलातील प्रत्येक वस्तूचा खोका मागा आणि त्यावरील एमआरपी बिलाशी ताडून पाहा. छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झाली असेल, तर ती वैधमापनशास्त्र (वजनमापे) विभागाकडे स्वतंत्र तक्रार करण्याजोगी बाब आहे, आणि हे खाते अशा तक्रारी गंभीरपणे घेते असा माझा अनुभव आहे.

पोलिसांविषयी स्पष्ट सांगतो: वाईट काम हा गुन्हा नसतो. फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि हेड नीट न बसवणाऱ्याचा तो नसतो. चौकीतले हवालदार तुम्हाला “दिवाणी मॅटर आहे” म्हणून परत पाठवतील आणि या बाबतीत ते बरोबर असतील. गाडीतला चांगला भाग काढून जुना बसवला, गाडी परस्पर वापरली किंवा विकायला काढली, असे काही असेल तर गोष्ट वेगळी. ती विश्वासघाताकडे झुकते. आरटीओचा या वादाशी संबंध नाही. विम्याचा नाद सोडा, कारण इंजिन तापून झालेले नुकसान हा यांत्रिक बिघाड समजला जातो आणि साध्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीसोबत रस्त्यावरील मदतीची जोड घेतली असेल तर क्रेनचा खर्च तेवढा विचारून पाहा.

पत्राला उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट असते आणि मोठ्या, नाव असलेल्या सर्व्हिस सेंटरच्या बाबतीत तिचा उपयोग होतो, कारण तिथे कंपनीच्या कार्यालयात कुणीतरी उत्तर द्यायला बसलेले असते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवर तिचा फारसा परिणाम होत नाही. त्याच्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ज्या सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत आहे, अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्कच नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही. गाडी टॅक्सी म्हणून चालवत असाल तरीही, ती स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहक ठरता. पाच-सहा गाड्यांचा धंदा असेल तर मात्र प्रश्न उपस्थित होतो.

कायद्यात तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जा. आयोगापुढे गॅरेजला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लहान गॅरेजवाले नोटीस टेबलाच्या खणात टाकून देतात आणि ही मुदत हुकवतात. तसे झाले तरी तुमचा पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो, आणि तिथे त्या तिसऱ्या जाणकाराचा अहवाल कामाला येतो. अहवाल देणारा सरकारी तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागातला प्राध्यापक किंवा परवानाधारक मोटार सर्व्हेअर असेल तर अधिक वजन पडते. ज्याला पुढे तुमच्या गाडीचे काम मिळणार आहे, त्या मेकॅनिकचा अहवाल घेऊ नका. “हाफ इंजिन” सांगणाऱ्याचा तर नाहीच.

मागणी किती करावी? इथे लोक स्वतःचेच प्रकरण बिघडवतात. ४२,५०० च्या कामासाठी पाच लाखांचा मनस्ताप मागितला की वाचणाऱ्याच्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडते. पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचा प्रत्यक्ष खर्च, क्रेनचे बिल, तपासणीचे शुल्क, गाडी बंद असताना केलेल्या भाड्याच्या गाडीच्या पावत्या, वाया गेलेल्या लेबरचा परतावा आणि तक्रारीचा खर्च, यांची बेरीज मांडा आणि मनस्तापासाठी त्याच्या प्रमाणात रक्कम लिहा. जे भाग अजून चांगले आहेत आणि पुन्हा वापरले जातील, त्यांचे पैसे मागू नका.

एक अवघड गोष्ट तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहिली आहे: काटा लालवर असताना गाडी दोन-तीन किलोमीटर चढवली. समोरचा पक्ष हेच धरून बसेल, आणि त्यात तथ्य आहे. गॅस्केटची गळती हे त्यांचे काम असू शकते. पण हेड वाकणे, पिस्टन रिंग जाणे, म्हणजे ज्यातून हाफ इंजिनाचा खर्च निघतो तो भाग, त्या दोन-तीन किलोमीटरांत घडलेला असू शकतो. हे लपवू नका. घाटात कठडा आणि मागे ट्रकची रांग असताना वळणावर गाडी थांबवणे शक्य नव्हते, पहिल्या मोकळ्या जागी थांबवली, असे तारीख-वेळेसह तक्रारीत स्वतःहून लिहा. काही रक्कम यामुळे कमी होईल. लपवले आणि उलटतपासणीत निघाले, तर सगळेच संशयात जाईल. हाफ इंजिन लागेल की फक्त हेड, हे कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय आणि बोअरची, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरची, भिंत पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. बॉनेट उघडून लांबून सांगणाऱ्याच्या अंदाजावर साठ-सत्तर हजारांचा निर्णय घेऊ नका.

आणि निकाल लागेपर्यंत गाडी तशीच उभी ठेवायची, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ काढू नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर बोअरला काही दिवसांतच गंज धरू लागतो, आणि सहा महिन्यांनी उघडलेल्या इंजिनात कोणता दोष दुरुस्तीचा आणि कोणता उभे राहण्याचा हे मलाही सांगता येणार नाही. पत्रात सात दिवसांची मुदत द्या, आठव्या दिवशी ते आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तर तज्ज्ञासमोर इंजिन उघडा, मोजमापे आणि फोटो घ्या, आणि मग काम पूर्ण करून गाडी वापरा. तोवर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे घरातले कुणी सहज म्हणून सेल्फ मारणार नाही.